हरण्यावरचा आळ

“होऽ… हळू रं माझ्या राजा… हळू.”

बेचाळीस वर्षांमागचा आवाज. भावकीशी भांडताना आबाजींचा आवाज पार ओढ्यापल्याड जायचा. पण आपल्या बैलाच्या, हरण्याच्या गळ्यात दावं घालताना तोच असा उतरायचा, की पाळण्यातलं पोर जागं होऊ नये. गोजाबाईंना तो अजून ऐकू यायचा. कधी कुकरच्या शिट्टीमागून, कधी समोरच्या कंपनीचा भोंगा थांबल्यावर मागं उरणाऱ्या शांततेतून. आज तर सकाळपासून तो कानाशीच बसला होता. आज त्यांच्या थोरल्याचं, शेखरचं तेरावं होतं.

पंगती उठल्या होत्या. महाळुंग्यातल्या त्या तीन मजली इमारतीखाली, जिथं एरवी भाडेकरूंच्या मोटरसायकली लागायच्या, तिथं मांडवातल्या खुर्च्या एकात एक घालून रचल्या जात होत्या. दुपारपाळीची पोरं जेवून, हात जोडून, गळ्यात ओळखपत्रं अडकवत निघून गेली. भिंतीवर आता दोन फोटो होते. एक जुना, पिवळा पडलेला: फेटा बांधलेले आबाजी आणि त्यांच्या खांद्याला मान टेकून उभा असलेला हरण्या. दुसरा नवा, रंगीत: चष्म्यातला शेखर, कुणाच्या तरी लग्नातल्या फोटोतून कापून मोठा केलेला. त्याच्या दंडावर कुणाची तरी चार बोटं राहून गेली होती. ती पूनमची होती, त्याच्या बायकोची.

गोजाबाई सतरंजीवर त्या दोन फोटोंखाली बसल्या होत्या. बाप सत्तेचाळिसाव्या वर्षी गेलेला, लेक एकोणपन्नासाव्या. शेजारी शेजारी लावले तर भाऊच वाटत होते, आणि त्यातला लेक थोरला वाटत होता.

फाटकाशी स्कूटी थांबली. त्यांच्या धाकट्या लेकाच्या, रणजीतच्या कंपनीतल्या दवाखान्याची डॉक्टर अंजली आत आली, चपला बाजूला काढून फोटोपुढं वाकली आणि गोजाबाईंच्या जवळ येऊन टेकली.

“तू खंडूची ना गं?”

“हो आजी. बाबा येणारच होते, गुडघ्यानं अडवलंय.”

“त्याला म्हनावं, नगं येऊस. ज्याच्यासाठी यायचं त्योच उठून गेला.”

अंजलीनं त्यांचा हात हातात घेतला. बराच वेळ सोडला नाही. मग तिची नजर खुर्च्या मोजून टेम्पोवाल्याच्या ताब्यात देणाऱ्या रणजीतकडं गेली.

“रणजीतभाऊ, आज बोलायचा दिवस नाही, कळतंय मला. पण गुरुवारी तळेगावला तुमची तारीख होती. अँजिओग्राफीची. तुम्ही आला नाहीत.”

रणजीतची बायको मोनिका उष्टी ताटं आत नेत होती. ती जागच्या जागी थांबली. “कसली तारीख?”

“काय न्हाई गं,” रणजीत हसला. “कंपनीची वर्षाची तपासणी. छातीला वायरी लावत्यात आन पट्ट्यावर पळवत्यात. पट्टा जुनाट झालाय त्यांचा.”

“पट्टा मागच्याच महिन्यात आणलाय,” अंजली म्हणाली. “सहाव्या मिनिटाला तुम्हीच हात वर केलात. आणि आलेख बघून मीही मशीन थांबवलं.”

मोनिकानं ताटं खाली ठेवली. नवऱ्याकडं पाहिलं, अगदी अनोळखी माणसाकडं पाहावं तसं. “एक महिना झाला? आन मला बाहेरच्या माणसाकडनं कळायचं व्हय?”

“सांगनार हुतो.”

“कवा? माझं कुंकू पुसल्यावर?”

“मोने!” खुर्चीत बसलेली विजयश्री ओरडली. ती शेखर-रणजीतची थोरली बहीण, सगळ्यांची आक्का. साठीला टेकली होती, पण माहेरी आली की आवाज अजून सोळा वर्षांचा व्हायचा. “तेराव्याच्या दिवशी तोंडातनं काय काढावं, काय न्हाई? अवो डॉक्टरीणबाई, आमच्यात न्हाई असलं काय. छातीबितीचं दुखणं आमच्या रक्तातच न्हाई.”

अंजलीनं पर्समधून घडी घातलेला कागद काढला. “तेच विचारायला आलेय. हा फॉर्म रणजीतभाऊंनी भरलाय. ‘कुटुंबात हृदयविकार’, पुढं दोन चौकोन. आहे, नाही. त्यांनी ‘नाही’वर खूण केलीय. वडील कशानं गेले?”

“बैलानं,” विजयश्री म्हणाली.

“बैलानं,” रणजीत म्हणाला.

आतून, दाराच्या चौकटीला टेकून उभ्या असलेल्या पूनमचेही ओठ सवयीनं तसेच हलले. ह्या घरात लग्न होऊन आलेल्या सुनेला पहिल्या आठवड्यात सांगायची ती गोष्ट होती.

विजयश्रीनं ती पुन्हा सांगितली, आणि सांगताना तिचा चेहरा उजळला. यात्रेला तीन दिवस राहिले होते. घाटात गाडा पळवायचा म्हणून आबाजी पहाटे हरण्याला फिरवायला रानात गेले. ह्या समोरच्या कंपनीची भिंत आहे ना, तिथंच आपलं ज्वारीचं रान. हरण्या बिथरला आणि त्यानं छातीत शिंग घातलं. “बैलासाठी जगला, बैलापायी गेला आमचा बाप. शर्यतीवरची बंदी उठली तवापासनं दर यात्रेला शेखर फ्लेक्स लावायचा, घाटाचा राजा म्हणून. ह्या घरातली मानसं हातरुणात मरत न्हाईत.”

गोजाबाई सतरंजीचा एक सुटलेला धागा बोटाला गुंडाळत होत्या. गुंडाळत होत्या, सोडत होत्या.

आबाजींच्या माघारी त्याच आठवड्यात दिरांनी हरण्याला चाकणच्या बाजारात नेऊन विकला होता. पुढं कितीतरी वर्षं गोजाबाई जात्यावर बसल्या की एकच ओवी म्हणायच्या:

*हरण्या गं चालला | चाकनच्या बाजारा*
*मागं फिरून पाहातो | काय सांगू त्या लेकरा*

शेजारणी कुजबुजायच्या. ज्यानं धनी मारला त्या बैलाला लेकरू म्हणते ही? डोक्यावर परिणाम झालाय बिचारीच्या. गोजाबाईंनी कुणाला उत्तर दिलं नाही. पुढं चक्की आली, जातं अंगणाच्या कोपऱ्यात गेलं, आणि ओवी पोटात.

“यांचे दादा हार्ट अटॅकनं गेले, तेवढंसुद्धा पुरेसं आहे खरं तर,” अंजली म्हणत होती. “मी सात वर्षं त्या दवाखान्यात आहे. माझ्या आधीच्या डॉक्टरांच्या वह्याही कपाटात आहेत. त्यांच्यात प्रेशर, साखर हे शब्द रिटायर व्हायला आलेल्यांच्या नावापुढं दिसतात. मी तेच शब्द चाळिशीतल्यांच्या नावापुढं लिहिते. कधीकधी पस्तिशीतल्या. कमरेचा पट्टा दरवर्षी एक भोक पुढं सरकतो आणि कुणीच दुखतं असं म्हणत नाही. सगळ्यांना पित्तच झालेलं असतं.”

“आमचा बाप दोन भाकरी, वाटीभर तूप खायचा,” विजयश्री म्हणाली.

“आणि किती चालायचे?”

विजयश्रीनं तोंड फिरवलं.

“राबणं गेलं, आक्का. खाणं राहिलं. रात्रपाळी आली, झोप गेली. तंबाखू होती तिथंच आहे.” अंजली उठली. “सोमवारी दहाची वेळ परत घेतलीय. कागद इथं ठेवते. भाऊ, तुमच्या दादांचं बघून तरी…”

“दादाचं वेगळं,” रणजीत पटकन म्हणाला. “दादाचं जे झालं ते वाकडच्या फ्लॅटात गेल्यापासनं…”

तो मध्येच थांबला. पण शब्द निघून गेला होता, आणि पूनमनं तो चौकटीत उभं राहून नेमका झेलला होता.

*

वरची टाकी भरून वाहायला लागली होती. पाणी भिंतीवरून मांडवावर गळत होतं. कॉक बंद करायला रणजीत जिना चढू लागला, कारण खाली थांबणं अवघड होतं.

पहिला मजला. बिहारच्या, नांदेडच्या, सोलापूरच्या पोरांच्या चपला दारांपुढं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्यानं कठडा धरला.

तेच पुन्हा. छातीवर कुणीतरी पत्रा दाबायची लोखंडी डाय आणून ठेवल्यासारखं. प्रेस शॉपमध्ये वीस वर्षं काढलेल्या माणसाला वजनासाठी दुसरी उपमा सुचत नाही. ते वजन खांद्यात उतरलं, दंडात उतरलं, आणि डाव्या हाताच्या करंगळीत जाऊन बसलं. त्यानं खिशातून पित्ताची गोळी काढून चघळली. वय पंचेचाळीस. पोरगी यंदा बारावीला. सुपरवायझरच्या जागेसाठी तीन जण टपलेले, आणि एकदा का नावापुढं ‘हलकं काम’ असा शेरा पडला की माणूस गोदामात जाऊन खोकी मोजतो.

पित्तच आहे. दादाला व्हिस्की होती, साखर होती, कर्जाचं टेन्शन होतं. आपल्याला काय आहे? आपलं रक्त आबांचं. शिंग लागलं नसतं तर आबा शंभरी गाठते.

तो हे असं स्वतःला सांगायचा आणि हळूहळू वजन हलकं व्हायचं. लहानपणी अंधारात भीती वाटली की तो हरण्याचं शिंग डोळ्यांपुढं आणायचा. ज्या घरात मरण शिंगं घेऊन समोरून येतं, तिथं ते मागून चोरासारखं यायचं नाही, असं त्याला वाटायचं. अजूनही वाटत होतं. त्यानं श्वास मोजला, कॉक बंद केला आणि एकेक पायरी बघत खाली निघाला. डावा हात उजव्या हातात धरून.

*

खाली तोवर डॉक्टर निघून गेली होती आणि विजयश्रीला मोकळं रान मिळालं होतं.

“तो भ्याला बोलायला, मी न्हाई भेत. वाकडला गेल्यापासनंच. चौदावा मजला! जमिनीला पाय लागंना मानसाचा. खाली उतरायचं तर लिफ्ट, भाजी आनायची तर मोबाईल. सांजच्याला पार्सल. हितं आईच्या हातची भाकर हुती, ती टाकून…”

“वन्सं, फ्लॅट त्यांनी घेतला होता,” पूनम म्हणाली.

“घ्यायला लावला कुनी?”

पूनमला भांडायचंच नव्हतं. तेरा दिवसांत ती हे स्वतःला हजारदा म्हणाली होती. तिला आठवत होतं ते दोन वर्षांपूर्वीचं एक टेबल. शेखरला जिना चढताना दम लागायचा म्हणून तिनंच ओढत नेलं होतं. तिथल्या डॉक्टरांनीही हेच विचारलं: वडील कशानं गेले? आणि शेखर खुर्चीत मागं रेलून हसला होता. “वडील? त्यांना बैलानं मारलं, डॉक्टर. आमच्यात कुणी अंथरुणात मरत नाही.” डॉक्टरही हसले. पेन ‘नाही’वरून पुढं सरकलं. मोठी तपासणी महिन्याभरात करून घ्या, ते म्हणाले. बाहेर आल्यावर शेखर म्हणाला, बघितलंस? उगाच घाबरवतेस. तो महिना दोन वर्षं लांबला. तेव्हा आपण हट्ट धरायला हवा होता, रडायला हवं होतं, जेवण सोडायला हवं होतं. आपण काय केलं? सुटलो म्हणून वाटेत दोघांनी मस्तानी प्यायली.

“मी घालवला त्यांना,” ती एकदम म्हणाली. “बरोबर आहे तुमचं. मीच.”

मोनिका जवळ आली. वाकडच्या फ्लॅटवरून ह्या दोन जावा तीन वर्षं एकमेकींशी कामापुरतंच बोलत होत्या. सासूला मागं टाकून गेली, हा मोनिकाचाही राग होता. तिनं पूनमचा हात घट्ट धरला.

“आक्का, पुरे. ताईंनी निदान नेलं तरी हुतं दादांना. मला तर ठावकीच न्हवतं. म्या हितं रोज भाकरीच देती की तुमच्या भावाला! मग त्याचा आलेख का वाकडा आला?”

“त्याला काय धाड भरलीय? चांगला पंचेचाळीस वर्षांचा गडी…”

आणि गडी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर आला. कपाळावर घाम. उजव्या हाताचा अंगठा डाव्या दंडावरून खाली, कोपरापर्यंत, परत वर.

बाकी कुणाचं लक्ष गेलं नाही. गोजाबाईंचं गेलं.

त्यांनी ते चोळणं बघितलं आणि बेचाळीस वर्षं मधून निघून गेली. तोच अंगठा, तीच रेघ. पोरगं तीन वर्षांचं होतं तेव्हा. बापाला त्यानं धड पाहिलंही नव्हतं. मग हे शिकवलं कुणी त्याला?

“इजे,” त्या म्हणाल्या. “गप बस.”

आवाज बारीकच होता, पण विजयश्री थांबली.

“पूनमला बोलू नगंस. तिचा त्यात तिळाएवढा दोष न्हाई.”

“आये, तू मधी…”

“म्या मधीच हाय. बेचाळीस वर्सं म्याच मधी बसलीया.” त्यांनी धाकट्याकडं पाहिलं. “रणजीत, हितं ये. बस. हात कवापासनं चोळतोयस?”

“अगं खुर्च्या उचलल्या…”

“तुझा बाप बी म्हनायचा, वैरन उचलली. आठ दिस चोळीत हुता. ह्योच हात. म्या सुंठीचा लेप लावला. जबडा दुखतोय म्हनले तवा दाढंत लवंग धराया दिली. मला काय कळत हुतं? अर्धी रात उठून बसायचे. म्हनायचे, गोजे, छातीवर कुनी बसलंय गं.”

रणजीत खाली बसला.

“काय बोलतीयास तू, आये?” विजयश्री म्हणाली. “आबांना तर शिंग…”

“म्या संगं हुते रानात. शिंग न्हाई, काय न्हाई. चालता चालता थांबले. मला म्हनले, जरा दावं धर. आन बसले ते बसलेच.” गोजाबाईंच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, ते केव्हाच आटून गेलेलं. “तुझं सयाजीकाका त्याच्या आदल्या दिवाळीला असंच गेल्यालं. ताटावरनं. गावात कुजबूज चालल्याली, ह्या घरच्या गड्यांच्या छातीला दम न्हाई, ह्यांच्यात सोयरीक कशी करावी. तुझी सुपारी फुटल्याली, इजे. पंधरा दिसांवर हळद. मानसं पळत आली. कुनीतरी इचारलं, बैलानं मारलं का वो? आन माझ्या तोंडातनं ग्येलं… व्हय.”

विजयश्रीनं पदराचा बोळा तोंडावर धरला.

“एवढंच बोलले म्या. बाकी समदं गावानं बोललं. वळ बी त्यांनीच बघितला, रगात बी त्यांनीच बघितलं. तुझं लगीन झालं. वाटलं, पोरं मोठी झाली की सांगंन. तर पोरं त्याच गोष्टीवर मोठी झाली. शाळंत सांगायची, आमच्या बापाला बैलानं मारलं. छाती काढून सांगायची. मग कुठल्या तोंडानं काढून घ्यायची ती गोष्ट?”

“माझ्यासाठी,” विजयश्री पुटपुटली. मग ती उठली, दोन पावलं चालली आणि पूनमच्या पायाशी जाऊन बसली. पूनमनं पाय मागं घेतले नाहीत. ती सासूकडं बघत होती. ते टेबल, ते पेन, ते हसणं. एका शब्दानं ते पेन थांबलं असतं. तिला चिडायचं होतं, आणि चिडायला समोर ऐंशीला आलेली, अर्ध्या भाकरीएवढी उरलेली एक बाई होती.

“आत्या,” ती कशीबशी म्हणाली, “शेखरला तरी सांगायचं.”

“व्हय गं बाई,” गोजाबाई म्हणाल्या. “त्याला तरी सांगायचं हुतं.”

मग रणजीतनं तोंड उघडलं. लहान पोरानं चोरी कबूल करावी तसं.

“मला बी हाय, आये. आत्ता जिन्यावर झालं. परवा बी झालं. मागच्या महिन्यात तीनदा.”

मोनिका हुंदका देऊन थांबली नाही. तिनं आधी फोन उचलला. अंजली चाकणच्या चौकापर्यंतच पोचली होती. ती पलीकडून काय म्हणाली ते पूनमला मोनिकाच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

“सोमवार नाही,” पूनम म्हणाली. तिनं गाडीची किल्ली घेतली, शेखरच्या गाडीची. “आत्ता निघायचं. मी चालवते. भावजी, चालू नका, गाडी इथं आणते. मोनिका, तो कागद घे.”

जाताना रणजीतनं तो कागद मोनिकाच्या हातातून घेतला. पेनानं जुनी खूण खोडली. पलीकडच्या चौकोनात नवी केली. खूण चौकोनाबाहेर गेली.

बाहेर गाडी वळत होती. गोजाबाई उठून त्याच्याजवळ आल्या, त्याच्या गळ्यामागं हात घातला. तो त्यांच्यापेक्षा हातभर उंच. त्याला वाकावं लागलं. तो फोटोकडं बघत होता, दोहोंतल्या जुन्याकडं.

“आये,” तो म्हणाला, “मग हरण्या? तो बिथरला न्हवताच?”

पूनमनं हॉर्न वाजवला. मोनिकानं गाडीचं दार उघडून धरलं. गोजाबाई तशाच उभ्या राहिल्या, लेकाच्या मानेवर हात ठेवून, आणि मग बेचाळीस वर्षं कुणालाच न सांगितलेलं ते शेवटचं त्यांच्या तोंडून निघालं.

“न्हाई रं बाळा. दावं ढिलंच हुतं, पर त्यो जाग्यावरनं हलला न्हाई. मानसं येईस्तवर मान वाकवून त्यांचं तोंड चाटीत हुता. मारलं न्हाई त्यानं. उठवीत हुता त्यांना.”